सांगड

‘संसार आणि नोकरी यांची सांगड घालता घालता जीव मेटाकुटीला येतो’ असे आपण सहज बोलून जातो. पण ही सांगड म्हणजे मुळात काय वस्तू, हे विचारले तर बरेच जण विचारात पडतात. सांगड हे तरंगण्याचे साधन आहे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या की सांगड झाली. वाळवलेले भोपळे एकत्र बांधले, त्यांवर बाज ठेवली, तीही सांगडच. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले आजोबा अजून गावोगाव भेटतील. तीच ही युक्ती.

हा शब्द फार हिंडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या ‘संगारा’ नावाच्या नावांचा उल्लेख येतो. अखंड ओंडके एकमेकांना बांधून त्या केलेल्या असत. मल्याळममध्ये तोच शब्द ‘चंगाडम्’ झाला, तिथून पोर्तुगीजांनी तो ‘जंगाडा’ म्हणून उचलला आणि पार ब्राझीलला नेला. तिथल्या कोळ्यांच्या तराफ्याला आजही जंगाडा म्हणतात.

आज मला ही गोष्ट सांगायची आहे ती मात्र समुद्राची नव्हे, शिरूर आणि दौंडची. या दोन तालुक्यांत होडीचे काय काम, असे कुणी म्हणेल. भाग पर्जन्यछायेचा, वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण शिरूरला आपण घोडनदी म्हणतो ते उगाच नाही, आणि दौंड तर भीमेच्या काठावरच आहे. या नद्या उगम पावतात सह्याद्रीत, भीमाशंकरच्या परिसरात. तिकडे धो धो पाऊस पडतो आणि इकडे आभाळ कोरडे असताना नदी दुथडी भरून येते. वाटेत मुळा-मुठेचे पाणी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, पुढे घोडही येऊन मिळते. म्हणजे चार महिने नदी ओलांडणे मुश्किल आणि उरलेल्या आठ महिन्यांत बैलगाडी पात्रातून पार जाते, असा हा प्रकार होता.

अशा नदीसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, ‘उतार’. नदीला उतार मिळाला की माणसे पलीकडे जात; नाही मिळाला की काठावर मुक्काम. हा उतार भल्याभल्यांना नडलेला आहे. 1760 च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत पोचले तेव्हा यमुना भरलेली होती, पलीकडे जाता येईना; आणि ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पुढचे पानिपत सर्वांना ठाऊक आहे.

भीमाकाठी उतार नसेल तेव्हा तरीवर किंवा सांगडीवर भिस्त. इथे मोठ्या नावेची परंपरा रुजली नाही, याचे एक कारण मला लाकडात दिसते. कोकणात आंबा, फणस, साग अशी मोठी झाडे होती. एक बुंधा कोरला की डोणी तयार. दौंड-शिरूरच्या माळावर बाभूळ. बाभळीचे लाकूड बैलगाडीच्या चाकाला उत्तम, पण ते जड, आखूड आणि वाकडेतिकडे. त्यातून वीस फुटांची सरळ फळी कुठून काढणार? म्हणून माणसांनी हाताशी असेल ते जोडून वेळ भागवली. कृष्णा-पंचगंगेकाठी तर पुराच्या वेळी गुळाची काहील पाण्यात सोडून माणसे पार नेत. भांड्याचीच होडी!

मग लोखंड आले. 1858 मध्ये रेल्वे पुण्याच्या पुढे भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोचली आणि 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. रुळांसाठी भीमेवर पूल बांधले गेले. पुढे रस्त्यांचेही पूल झाले आणि तरीवाल्याचा धंदा बसला. होडी बांधणारा, तिच्या फटीत कापूस-राळ भरणारा, किती माणसे घ्यायची हे काठ बघून सांगणारा, असे जे काही जाणकार नदीकाठी होते तेही ओसरत गेले. होडीची गरजच संपली, असे त्या वेळी कुणालाही वाटले असते.

पण 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि चित्र उलटले. 117 टीएमसीचा हा जलाशय, त्याचा फुगवटा थेट दौंड तालुक्यातल्या राजेगाव-खानोट्यापर्यंत. जिथे उन्हाळ्यात पात्रातून चालत जात होते, तिथे बारमाही अथांग पाणी. इंदापूर आणि करमाळ्याची समोरासमोरची गावे एकमेकांपासून कित्येक कोसांच्या वळशाने दूर झाली. डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलावरून रस्त्याची वाहने जाऊ लागली. मासेमारी वाढली, प्रवासी लाँच सुरू झाल्या. होडी परत आली, पण बरोबर होडीची विद्या आली नाही. दौंड-शिरूरच्या वरच्या पात्रात तर आज ‘बोट’ म्हटले की लोकांना चोरटा वाळूउपसाच आठवतो. महसूल खात्याची पथके येतात आणि त्या बोटी जिलेटिनने उडवून देतात.

आता जरा लांब, कॅनडात जाऊ. तिथल्या मूळ रहिवाशांची होडी भूर्जाच्या सालीची किंवा कोरलेल्या ओंडक्याची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओंटारिओतल्या पीटरबरोच्या कारागिरांनी तोच घाट ठेवून अरुंद पट्ट्या जोडून होड्या बांधायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे कापड आणि एपॉक्सी मिळू लागल्यावर आतल्या फासळ्यांचीही गरज उरली नाही. अशी होडी घरी कशी बांधावी हे सांगणारे टेड मूर्स यांचे ‘कॅनूक्राफ्ट’ 1983 मध्ये निघाले आणि गॅरेजमध्ये होडी बांधण्याचे वेड पसरले.

रीत अशी. प्लायवूडचे आडवे साचे कापून एका सरळ तुळईवर, फूटभर अंतराने, पालथे उभे करायचे. सहा मिलिमीटर जाड आणि वीसेक मिलिमीटर रुंद पट्ट्या त्यांवरून एकामागून एक वाकवत न्यायच्या, कडेला कड चिकटवायची. सोळा फुटी होडीला अशा साठ-सत्तर पट्ट्या लागतात. मग रंधा, पॉलिश पेपर, त्यावर पातळ काचकापड आणि एपॉक्सी. ते सुकले की पारदर्शक होते, लाकूड आतून दिसत राहते. मग साचे काढून आतूनही तेच. वजन पंचवीस-तीस किलो. एक माणूस खांद्यावर घेऊन जाऊ शकतो.

यात आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की मोठे झाड लागत नाही. लांब पट्टी मिळाली नाही तर दोन आखूड पट्ट्या तिरक्या सांध्याने जोडता येतात. माळरानाच्या मुलखाला शोभणारी ही कला! तिकडे सिडार वापरतात. आपल्या वखारीत मिळणारा साग त्याच्या दीडपटीहून जड आणि तेलकट, त्यामुळे चिकटवण्याआधी पुसून घ्यावा लागतो. पांगारा, सावर हलके, पण ओलीत लवकर कुजतात. आवरणाला एक चीर गेली तरी पाणी आत शिरते. शिवाय दौंडच्या एप्रिल-मेमध्ये एपॉक्सी कालवले तर डब्यातच तापून दगड होते. हे काम हिवाळ्यात, थोडे थोडे मिश्रण करून, हातमोजे घालूनच करावे. आणि साचे उभे करण्याआधी खोलीचे दार मोजावे. रॉबिन्सन क्रूसोने प्रचंड होडी कोरली आणि ती पाण्यापर्यंत ओढता येईना, ही फजिती कादंबरीपुरतीच राहू दे.

अशी होडी उजनीवरच्या लाँचची जागा घेईल असे मी मुळीच म्हणत नाही. तिच्यात दोन माणसे बसतात आणि वाऱ्यात ती काठाशीच बरी. पण जो साठ पट्ट्या हाताने बसवतो त्याला काही गोष्टी कळतात. तळ सपाट असला तर होडी स्थिर वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की एकदम उलटते. काठ पाण्यापासून किती वर उरला यावर सगळे अवलंबून असते, आणि चार माणसे जादा घेतली की तोच काठ खाली जातो. पूर्वी तरीवाला हे नजरेने सांगत असे.

21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली. सहा जण दगावले, त्यांत लहान मुलेही होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आले, म्हणून घटना लगेच कळली. मे महिन्यातला वळीव दुपारनंतर कसा अंगावर येतो हे या भागात कुणाला सांगायला नको. पण उघड्या जलाशयावर तो मैलभर लाटा उठवतो, हा अनुभव भीमेच्या काठाला नवा आहे, अवघ्या चार दशकांचा. त्यानंतर लाइफ जॅकेट आणि परवाने यांवर पुष्कळ बोलले गेले. शिरसोडी-कुगाव पुलालाही मंजुरी मिळाली. तो उभा राहीपर्यंत पैलतीरावरची शेती, नातीगोती आणि बाजार यांसाठी माणसे पाण्यावरूनच जाणार, आणि पूल झाल्यावरही मासेमार पहाटे जाळे टाकायला होडीतूनच निघणार.