पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू

एका व्हर्च्युअल मशीनच्या पोटात दुसरे चालवायची गरज पहिल्यांदा कुणाला पडली असेल? पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या जुलै 1974 च्या निबंधात अशी रचना केव्हा शक्य असते याचे प्रमेय आहे. पण कागद तारखेने लावले, की प्रमेय मागाहून आलेले दिसते.

रॉबर्ट क्रीझी यांचा 1981 चा लेख आपल्याला आयबीएमच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) केंद्रात नेतो. तिथे व्हर्च्युअल मशीन चालवणारी सीपी-40 ही प्रणाली जानेवारी 1967 पासून रोजच्या वापरात होती. एका खऱ्या यंत्रावर 14 व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकाला 256 के स्मृती. पुढे आयबीएमच्या 360 घराण्यातल्या 360/67 यंत्रावर सीपी-67 आले.

खरी गोष्ट इथून पुढची आहे. आयबीएमचे व्हर्च्युअल मेमरी असलेले नवे 370 यंत्र अजून गुपित होते आणि केंब्रिजच्या यंत्रावर आसपासच्या विद्यापीठांतले विद्यार्थीही काम करत. त्याच केंद्रात काम केलेल्या लिन व्हीलर यांच्या आठवणीनुसार, विद्यार्थ्यांना सुगावा लागू नये म्हणून तळाला नेहमीचे सीपी-67 ठेवले. त्याच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपी-67 चीच ‘एच’ आवृत्ती. ती नव्या 370 चा भास निर्माण करी. त्या भासमान 370 वर ‘आय’ आवृत्ती आणि तिच्यावर सीएमएस ही वापरकर्त्याची प्रणाली. गुपित घराच्या आतल्या खोलीत राहिले. ही आठवण आहे, दफ्तर नव्हे. तरी मी तिच्यावर विसंबतो. 2 ऑगस्ट 1972 रोजी नवे हार्डवेअर आणि व्हीएम/370 एकाच दिवशी जाहीर झाले. म्हणजे सॉफ्टवेअर आधीच कुठेतरी चालवून पाहिलेले असणार.

पवईच्या आयआयटीत आलेले सोव्हिएत संगणक ईसी-1030 याच 360 घराण्याची नक्कल होते. पण त्यात व्हर्च्युअल मेमरी नव्हती, त्यामुळे असली घरे त्यावर बांधणे शक्य नव्हते. याची मला मनापासून हळहळ वाटते.

पुढे पीसीवर व्हर्च्युअल मशीन चालवणे मुळातच अवघड गेले. पेंटियमच्या 17 सूचना मालकाला, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या तळाच्या सॉफ्टवेअरला, न कळवता परस्पर चालतात, असे रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी 2000 मध्ये दाखवले. 2005 च्या अखेरीस इंटेलने हार्डवेअरची मदत दिली, पण ती एकाच मालकापुरती. पोटभाडेकरूच्या पोटभाडेकरूची प्रत्येक मागणी आधी थेट तळाच्या मालकाकडे येते. तो ती मधल्याकडे धाडतो, आणि ती निस्तरताना मधल्याला स्वतःच पुन्हा पुन्हा मालकाचे दार ठोठावावे लागते. हे हेलपाटे कमी करून आयबीएमच्या ‘टर्टल्स’ प्रकल्पाने 2010 मध्ये नेहमीच्या कामांत एकाच थरापेक्षा जास्तीचा खर्च 6 ते 8 टक्क्यांवर आणला. इंटेल यंत्रांवर लिनक्समध्ये ही सोय मुळातच चालू स्थितीत मिळू लागली ती 4.20 आवृत्तीपासून, डिसेंबर 2018 मध्ये.