लहरी कुणाच्या? 1885 चा कायदा आणि 1993 ची क्रिकेट स्पर्धा



तारीख 24 नोव्हेंबर 1993. कलकत्त्याचे ईडन गार्डन्स, हिरो कपचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात 6 धावा हव्या होत्या. कर्णधार अझरुद्दीनने चेंडू 20 वर्षांच्या सचिन तेंडुलकरकडे दिला आणि भारत 2 धावांनी जिंकला. ते षटक आपल्यापैकी अनेकांना अजून पाठ आहे. पण याच स्पर्धेवरून एक सामना मैदानाबाहेरही चालू होता. तो न्यायालयात खेळला गेला, आणि आज आपण टीव्हीवर जे पाहतो त्यावर त्याचा परिणाम त्या षटकापेक्षा कितीतरी मोठा आहे. आज त्याची गोष्ट.

ही स्पर्धा बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त भरवली होती. प्रक्षेपणाच्या पैशांवरून दूरदर्शनशी बोलणी फिसकटली, तेव्हा संघटनेने हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. भारतात टीव्हीचे प्रक्षेपण करणार ते दूरदर्शन, अशी तोवरची रीत. सरकारने हरकत घेतली. कंपनीची उपकरणे मुंबईत सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडवली. प्रकरण आधी कलकत्ता उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेले. अंतरिम आदेश निघाले, उपकरणे सुटली, स्पर्धा पार पडली. मूळ प्रश्न मात्र उरलाच: सामन्याची चित्रे मैदानातून उपग्रहापर्यंत पाठवायला सरकारची परवानगी कशासाठी?

सरकारचे उत्तर होते, भारतीय तार अधिनियम, 1885, कलम 4. तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारचा. इतरांना परवाना हवा.

आता 1885 हे साल जरा डोळ्यांसमोर आणा. मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ते वर्ष. मार्कोनीच्या बिनतारी यंत्राला अजून दहा-अकरा वर्षे अवकाश होता. 1857 मध्ये तारेचे मोल इंग्रजांना पुरते कळले होते. ज्याच्या हाती निरोप, त्याच्या हाती राज्य, हा धडा त्या कायद्यामागे होता. पुढे रेडिओ आला. 23 जुलै 1927 रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. अवघ्या तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारकडे गेले. 1933 मध्ये बिनतारी यंत्र बाळगण्यासाठीही परवाना लागणारा कायदा झाला. मग टीव्ही आला, उपग्रह आला. यंत्र दरवेळी नवे, पण त्यावरची मालकी सांगायला कलम तेच जुने.

सरकार बदलले, 1947 उजाडले, तरी ते कलम जागचे हलले नाही. स्वतंत्र देशाच्या सरकारलाही ते सोयीचेच होते.

नव्वदच्या दशकात मात्र या कायद्याची गंमत झाली. 1991 च्या आखाती युद्धाची दृश्ये परदेशी वाहिनीवरून थेट घरात आली. पाठोपाठ हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला, ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला. मुंबईत या गच्चीवरून त्या गच्चीवर केबल टाकणाऱ्या पोरांनी बघता बघता धंदा उभा केला. त्यांच्यासाठी कायदा नव्हता. तो आधी सप्टेंबर 1994 मध्ये वटहुकूम म्हणून आणि मग 1995 मध्ये अधिनियम म्हणून आला. म्हणजे पाहा, हाँगकाँगहून निघालेला कार्यक्रम दादरच्या चाळीत विनापरवाना उतरत होता, आणि कलकत्त्यात चाललेला सामना जगाला दाखवायचा तर दिल्लीची परवानगी लागत होती!

9 फेब्रुवारी 1995 रोजी निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी होते. मुख्य निकाल सावंतांनी लिहिला. त्याचे सार असे: प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. माहिती देण्याचा आणि मिळवण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच येतो. म्हणून या लहरींवर सरकारचा एकाधिकार नको, तसा पैसेवाल्यांचाही नको. जीवन रेड्डींनी तर वेगळ्या निकालपत्रात बजावले की, घटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यातून खासगी प्रसारण केंद्र काढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असलेली स्वायत्त सार्वजनिक संस्था केंद्राने तातडीने उभी करावी आणि लहरींचे नियमन तिच्याकडे द्यावे, असा न्यायालयाचा आदेश होता.

मित्रहो, या निकालाचे दोन भाग होते. सरकारची मक्तेदारी संपवा, हा पहिला. नियमन लोकांच्या वतीने स्वतंत्र संस्थेकडे द्या, हा दुसरा. पहिला भाग झपाट्याने अमलात आला, कारण त्यात बाजाराचे हित होते. दुसऱ्याच्या पाठीशी कुणीच उभे राहिले नाही. 1990 मध्ये संमत होऊन पडून राहिलेला प्रसार भारती कायदा 1997 मध्ये लागू झाला, पण तो आकाशवाणी आणि दूरदर्शनपुरता. सर्व प्रसारणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारे विधेयक त्याच वर्षी संसदेत आले आणि लोकसभा विसर्जित होताच बारगळले. 2004 पासून ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था केबल आणि वाहिन्यांचे दर वगैरे पाहते. परवाने मात्र मंत्रालयच देते.

क्रिकेटमध्ये तर पारडे पार उलटले. 1993 मध्ये क्रिकेट संघटनेला सरकारच्या परवानगीसाठी झगडावे लागले; 2007 मध्ये महत्त्वाचे सामने दूरदर्शनला मिळावेत म्हणून सरकारलाच कायदा करावा लागला. रेडिओवर मात्र जुनी भीती टिकून आहे. खासगी एफएम केंद्र दिवसभर गाणी वाजवू शकते, पण स्वतः गोळा केलेली बातमी सांगू शकत नाही. धोरणानुसार त्याने आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवायची.

1885 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, 2023 संमत झाला. नव्या कायद्यातले कलम 4 वाचा. लहरींचा मालक केंद्र सरकार, पण जनतेच्या वतीने, असे त्यात म्हटले आहे. जुन्या कलम 4 मध्ये जनता नव्हतीच. हा फरक लहान नाही, आणि त्याची मुळे 1995 च्या त्या निकालात आहेत. मात्र 'जनतेच्या वतीने' कोण ठरवणार, हे विचारले तर बोट पुन्हा मंत्रालयाकडेच वळते.

आज ओटीटीसाठी नियम हवेत, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रफितींसाठी नियम हवेत, ही मागणी रोज कानावर पडते. ती रास्तच आहे. पण नियम कोणता, याआधी आपण विचारायला हवे की तो राबवणार कोण, आणि त्याला जाब कोण विचारणार? न्यायालयाने 1995 मध्येच हे विचारले होते. इंदूरला असा, बडोद्याला, बेळगावला की नागपूरला, डोक्यावरच्या त्या लहरींमध्ये तुमचाही वाटा आहे. म्हणून हा प्रश्नही तुमचाच आहे.