तोंडी हिबा, घर आणि बहिणी
आदिलशाहीत खरेदीखतावर काझीची मोहर असे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खतानेच करायची असे ठरवले. मात्र कलम १२९ने आपला हिबा वेगळा ठेवला. देणे, स्वीकारणे, ताबा, एवढे पुरे.

आज स्वारगेटजवळ घोरपडे पेठेतले जुने घर विकायला काढले, की गिऱ्हाईक मिळकत पत्रिका मागते. तीवर मरहूम आजोबांचेच नाव असते. तोंडी हिब्याला साक्षीदार उरत नाही. मग वारसनोंद होते आणि बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. कुरआनने दिलेला वाटा आपण मुद्रांक कागदावर परत घेतो. कागद पुरे करताना बहिणींचा वाटाही पुरा करू या.