धरित्रीच्या कंपांचे दफ्तर

ज्या महाराष्ट्राने पेशवे दफ्तराच्या रुमालांतून आपला राजकीय इतिहास मोठ्या निगुतीने उकलला, त्याच्याच किनाऱ्यावर आपल्या पायांखालच्या भूमीचेही एक दफ्तर रोजच्या रोज जमा होत आले, याची दखल मात्र आपण क्वचितच घेतो.

यंत्रे येण्यापूर्वी भूकंपाची हकिकत सर्वस्वी माणसांच्या साक्षीवर अवलंबून असे. 16 जून 1819 रोजी कच्छ हादरला, सिंद्रीचा किल्ला पाण्यात बुडाला आणि रणात भूमीचा लांबच लांब उंचवटा उभा राहून लोकांनी त्यास अल्लाबंद म्हटले, हे आपणांस ठाऊक आहे ते तत्कालीन अंमलदारांनी लिहून ठेवलेल्या वृत्तांतांमुळे. असे विखुरलेले वृत्तांत गोळा करून थॉमस ओल्डहॅम यांनी 1869 अखेरपर्यंतच्या हिंदुस्थानातील भूकंपांची यादी सिद्ध केली व त्यांच्या निधनानंतर, 1883 साली, त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी ती प्रसिद्ध केली. परंतु साक्ष कितीही प्रामाणिक असली, तरी भयभीत मनुष्यास वेळेचे भान राहत नाही, आणि सेकंदांचा हिशेब हुकला की लहरींच्या वेगाचे गणित मांडताच येत नाही.

12 जून 1897 रोजी आसामात महाभूकंप झाला, तेव्हा त्याच्या लहरी इटलीतील यंत्रांनी टिपल्या आणि अशा दूरदूरच्या लेखांच्या आधारे रिचर्ड ओल्डहॅम यांनी भूगर्भातून येणाऱ्या दोन प्रकारच्या व पृष्ठभागावरून येणाऱ्या तिसऱ्या लहरींतील भेद 1900 साली मांडला. या भूमीच्या कंपांचा लेख परमुलखात वाचावा लागण्याची आपत्ती टळावी, अशी सोय लवकरच झाली. 1898-99 मध्ये अलीपूर, मुंबईचे कुलाबा व कोडाईकनाल येथे जॉन मिल्न यांच्या पद्धतीची भूकंपलेखक यंत्रे बसली. आडव्या लंबकाची हालचाल प्रकाशकिरणाने संथ सरकणाऱ्या छायाचित्रण-कागदावर उमटे. 1826 साली स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत कालमापनाची शिस्त मुळातच रुजलेली होती आणि तिचा कारभार त्या काळी नानाभाई फ्रामजी मूस यांच्यासारख्या कसोशीच्या शास्त्रज्ञाकडे होता.

भूकंप नसतानाही कागदावर जी बारीक थरथर उमटे, तिला निरुपयोगी मानून टाकून दिले असते, तर सुधांशुकुमार बॅनर्जी यांना 1930 साली तिचा संबंध समुद्रावरील वादळी हवेशी जोडता आला नसता. दफ्तराचे खरे मोल येथेच आहे: नोंद करणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याची नोंद देऊन जाते.

याची उलट बाजू कोयनेने दाखविली. जलाशय भरू लागल्यानंतर खोऱ्यात धक्के जाणवू लागले, यंत्रे बसविली गेली, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे विनाशकारी भूकंप झाला. धरणातच बसविलेल्या त्वरणमापकाचा त्या पहाटेचा लेख जगभरच्या धरण-अभियंत्यांनी अभ्यासिला. परंतु धरणापूर्वी ती भूमी कितपत शांत होती, हे सांगणारे एकही यंत्र त्या खोऱ्यात नव्हते, आणि म्हणून जलाशय व भूकंप यांच्या नात्याविषयीचा वाद दीर्घकाळ चालला. शांततेचीही नोंद हवी असते, ती अशासाठी.

आज आकडे संगणकावर आपोआप दाखल होतात. तथापि जुन्या कागदांची प्रतिबिंबे काढून, मूळ लेख निगराणीत ठेवून, ते विद्यापीठांतील संशोधकांप्रमाणेच सातारा-लातूरच्या शाळांतील मुलांनाही खुले करणे हे आपले कर्तव्य होय. कारण ज्या भूमीवर त्यांना घरे बांधावयाची आहेत, तिचे पूर्ववृत्त जाणण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.