वाणी आणि भाषा

मूल बोलावयास शिकतें तें कानानें. ज्याला जन्मतःच ऐकूं येत नाहीं, त्याच्यापर्यंत भाषा न्यावी कशी, या प्रश्नानें युरोपांतील शिक्षकांना कित्येक शतकें झगडावयास लाविलें. सोळाव्या शतकांत स्पेनमधील ओन्या येथील मठांत पेद्रो पोन्से दे लेओन या साधूनें सरदारघराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविलें, आणि बहिरा तो बुद्धिहीन हा समज खोटा ठरविला. पुढें अठराव्या शतकांत पॅरिसमध्यें आबे द लेपे यांनीं बहिऱ्यांच्या खुणांतूनच शिक्षणाची वाट काढली. उलट सॅम्युअल हायनिके यांनीं १७७८ सालीं लाइप्झिग येथें शाळा काढून उच्चारशिक्षणाचा आग्रह धरिला. दोघांचीही कळकळ खरी होती.

सप्टेंबर १८८० मध्यें मिलान शहरीं भरलेल्या परिषदेनें या वादाचा निकाल दिला. जमलेल्या १६४ जणांत स्वतः बहिरा असा एकच होता. खुणांहून वाणी निःसंशय श्रेष्ठ असा ठराव झाला. अमेरिकन प्रतिनिधींचा विरोध व्यर्थ गेला. त्यानंतर युरोपांतील बहुतेक शाळांतून खुणा हद्दपार झाल्या व बहिऱ्या शिक्षकांच्या जागा गेल्या.

यांत हानि कोणती झाली, हें समजण्यास श्रोत्यांनीं आरशापुढें उभें राहून 'पाळ', 'बाळ', 'माळ' हे शब्द आवाज न काढतां उच्चारून पाहावे. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. अशा चाळणींतून भाषा वेंचण्यांत कित्येक मुलांचीं शिकण्याचीं वर्षें सरलीं. वाणी हें भाषेचें एक वाहन. परिषदेनें वाहनालाच भाषा मानिलें.

आज नवजात अर्भकाची श्रवणचांचणी करितां येते. श्रवणयंत्र व कॉक्लिअर इम्प्लांट यांच्या साह्यानें अनेक मुलांस वाणीही साधते. १९९८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांचें बहिरेपण सहा महिन्यांच्या आंत ओळखून साह्य सुरू झालें, त्यांची भाषा उशिरां ओळखलेल्या मुलांहून सरस होती. ती भाषा कोणी ओठांनीं बोलो वा हातांनीं, तिचा आरंभ मात्र लवकर व्हावयास हवा.

२०१० सालीं व्हँकुव्हर येथील परिषदेनें मिलानचे ठराव नाकारून जाहीर खेद व्यक्त केला. चूक सुधारण्यास १३० वर्षें लागलीं. मुलाच्या भाषेला तीं पहिलीं थोडींच वर्षें मिळतात.