बयाण्याविषयी तळटीप

१. बयाणा : पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, तेव्हा शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर वीटभट्टीमालक देतो ती उचल. दिवाळीनंतर जोडपं मुलांसकट भट्टीवर जातं. मजुरी हजार विटांवर ठरते, पण दर आठवड्याला हाती पडते फक्त खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो आणि वही मालकाची असते. बाकी निघाली (ती बहुधा निघतेच) की पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. उचलीपायी मजुराला दुसरीकडे जाता येत नसेल, तर कायद्याने ती वेठबिगारीच. ही पद्धत २५ ऑक्टोबर १९७५ पासून रद्द झाली आहे. १९७६च्या अधिनियमानुसार असं कर्ज फेडावं लागत नाही, उलट ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. – संपा.