मोठा पैलवान कोण?

आमच्या घरात दोन वाद कधीच मिटत नाहीत. एक, आपलं गाव खरं तर कुठल्या राज्यात असायला हवं होतं. आणि दुसरा, सर्वांत मोठा पैलवान कोण. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात, त्यामुळे पुढची सगळी संध्याकाळ ओसरीवर वादाला मोकळी असते.

मामंजींचा पैलवान ठरलेला, रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार. भाऊजी खाशाबा जाधवांपुढे कुणाचं नाव घेऊ देत नाहीत. पुतण्या कन्नड शाळेत शिकलेला, तो म्हणतो, पहिला हिंदकेसरी आपल्या कर्नाटकातला. त्याचं म्हणणं खरंच आहे. १९५९ साली पहिला हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे चिक्कोडी भागातल्या एकसंब्याचे. एवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज येतो, "तुमच्यातल्या एकानं तरी कधी लंगोट लावलाय का?" मग घटकाभर सगळे गप्प.

मला मात्र कुणी कधी विचारलं नाही. विचारणार कसं? माझं माहेर आळंद तालुक्यातलं. जत्रेत कुस्त्यांचा फड भरायचा, पण त्या मैदानात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही. आम्ही मुली माळवदावर बसून नुसता आवाज ऐकायचो. हलगी संथ वाजत असली की पैलवान हात धरून एकमेकांना जोखतायत. ती कडाडली की डाव पडला. मग एकदम गलका, आणि शिट्ट्या. कोण जिंकलं ते भाऊ घरी आल्यावर कळायचं. माझ्या लहानपणीची कुस्ती ही अशी, कानांनी पाहिलेली. पुढे जे मिळेल ते वाचत गेले, आणि आता या वयात आपलाही कौल सांगावा असं वाटतं.

आधी मामंजींची बाजू. बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ साली महाराष्ट्र केसरी, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. दिल्लीच्या सतपालना त्यांनी बेळगावच्या मैदानात पाडलं, ती कुस्ती जुनी माणसं अजून काल पाहिल्यासारखी सांगतात. पुढे पुण्यात गोकुळ वस्तादांच्या तालमीत ते सगळ्यांचे 'मामा' झाले. काका पवार, राहुल आवारे ही त्यांच्या हाताखाली घडलेली पोरं.

मामंजींच्या प्रेमाला आणखी एक कारण आहे, ते स्वतः बोलून दाखवत नाहीत. १९५६ सालापर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके आपल्या बिदर जिल्ह्यातच होते. निजामाचं राज्य गेलं, पुढे हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, तेव्हा ते तालुके तिकडे गेले आणि भालकी, बसवकल्याण इकडे राहिले. सोयरिकी रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरल्या. म्हणजे बिराजदार जन्मले ते बिदर जिल्ह्यात. सीमेवरच्या माणसाला आपलं म्हणायला फार थोडी मोठी माणसं उरतात. एक सापडला तर तो सोडवत नाही.

आता भाऊजींची बाजू. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं हे पहिलं पदक. दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. ४४ वर्षं! सरकारचा मान मात्र उशिरा आला. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळाला.

पुतण्या यात आणखी नावं घालतो. १९६० चे हिंदकेसरी गणपत आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने. दोघांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्य आणलं. ही दोन्ही माणसं डोंगराएवढी. खाशाबा त्यांच्या शेजारी पोरसवदा दिसले असते. मामंजी नेमकं हेच धरतात. "काय बोलूलालास? आंदळकरापुढं खाशाबा किती टिकला असता, सांग की!"

इथेच सगळा घोळ आहे. आपल्याकडे मोठा म्हणजे अंगानंही मोठा. पण हा हिशेब आपल्याच मातीत फार पूर्वी चुकीचा ठरलेला आहे. आपलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात कुस्तीवर स्वतंत्र प्रकरण आहे, 'मल्लविनोद'. पैलवानांचं वय, अंगकाठी, ताकद पाहून त्यांचे वर्ग पाडले आहेत. खुराक, सराव, डाव, सगळं लिहिलंय. जोड जोडीला लावावी, हे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणच्या राजाला कळत होतं. (बायांनो, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, ही नोंदही याच ग्रंथात आहे. राजाचं लक्ष उखळाकडेही होतं म्हणायचं.) तेव्हा ५७ किलोच्या माणसाला त्याच्या दुप्पट माणसापुढे उभं करून मोठेपण मोजायचं नाही.

"बरं, मग शिष्य मोजा," मामंजी म्हणतात. हे माप मला पटण्यासारखं वाटलं होतं. राहुल आवारेनं २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, तेही ५७ किलोमध्ये, खाशाबांच्याच वजनात. पण हे माप लावलं की वेगळीच पंचाईत होते. कुस्तीतलं भारताचं दुसरं ऑलिंपिक पदक ५६ वर्षांनी, २००८ साली बीजिंगमध्ये सुशील कुमारनं आणलं. त्याचे गुरू कोण? बेळगावात हरलेले सतपाल! म्हणजे शिष्य मोजायचे तर जिंकलेल्यापेक्षा हरलेला मोठा ठरायचा. मामंजी यावर पानाचा डबा उघडून बसले.

मग कुठलं माप लावायचं? मला ते सापडलं ते लहानपणापासून देवळात ऐकलेल्या गोष्टीत. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं कागिणा नदीकाठचं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष राजाचे गुरू आचार्य जिनसेन. त्यांच्या 'आदिपुराणा'त भरत-बाहुबलीची कुस्ती आहे. तीही 'मोठा कोण' या वादातूनच झाली. भरत सारी पृथ्वी जिंकून आला तरी त्याचं चक्र अयोध्येच्या वेशीवर अडून राहिलं, कारण भाऊ नमले नव्हते. दोन्हीकडच्या मंत्र्यांनी विचार केला, दोघा भावांपायी सैन्य का मारायचं? म्हणून दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरलं. तिन्ही बाहुबलीनं जिंकली. कुस्तीत तर त्यानं भरताला उचलूनच घेतलं. चिडून भरतानं चक्र सोडलं, ते बाहुबलीला प्रदक्षिणा घालून थांबलं. आणि जिंकलेलं राज्य टाकून बाहुबली रानात निघून गेला. आपण ज्याला वंदन करतो तो हा, जिंकल्यानंतरचा बाहुबली. आदिपुराण वाचताना मला वाटलं, पैलवान जिंकल्यावर काय करतो, तेही पाहायला हवं.

हे माप हातात घेऊन मी पुन्हा खाशाबांकडे वळले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. (घर गहाण टाकताना घरच्या बाईला विचारलं असेल का, हा प्रश्न ओसरीवर कुणाला पडत नाही. स्वयंपाकघरात पहिला तोच पडतो.) खाशाबा पदक घेऊन आले. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि त्या जल्लोषानंतर त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

माझा कौल खाशाबांना, तो या घरासाठी. पदक मिळवणारे पुढेही झाले आणि होतील. पण गळ्यात हार असताना ज्याला दुसऱ्याच्या दाराचा उंबरा आठवतो, त्याच्या पुढे मी कुणाला बसवणार नाही.

मी हे ओसरीवर येऊन सांगितलं तेव्हा भाऊजी खूश झाले. मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कौल तुझा बरोबर असंल. पण बिराजदार आपला हाय." त्यावर मी वाद घातला नाही. त्यांचं माप वेगळं होतं, तेही खोटं नव्हतं.

२०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. माझी नात मोबाइलवर ती कुस्ती पुन्हा पुन्हा लावत होती. मी डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. मग तिनं हाताला धरून हलवलं, "आजी, बघ तरी!" आणि मी बघितलं.